तंबोऱ्याच्या कसोटीवर टर्नटेबल

मध्यम किमतीचं टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, घ्यायला गेलात की दुकानात ते ऐकवताना बहुतेक वेळा ठेक्याचं गाणं लावतात. त्याऐवजी ख्यालाची एलपी (मोठी तबकडी) लावायला सांगा आणि गायकाला सोडून मागचा तंबोरा ऐका. थाळीचा वेग जरा डळमळला तर ठेक्याच्या गाण्यात ते खपून जातं, अखंड षड्जाला मात्र लगेच हेलकावा बसतो.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. वेग सव्वा टक्का वाढला की सगळं गाणं ८१/८० पटीने, म्हणजे साधारण एका श्रुतीने चढतं. चढलेलंच राहिलं तर सहसा कळत नाही, कारण सगळे स्वर सारखेच सरकलेले असतात. बोचतं ते सतत वर-खाली होणं. माहितीपत्रकात या चढउताराचा आकडा ०.२ टक्के किंवा त्याहून कमी असावा. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मालिकेत तो ०.०२५ टक्क्यांपर्यंत खाली येतो, पण ते यंत्र आता मध्यम किमतीचं राहिलेलं नाही. हेलकावा बरोबर १.८ सेकंदांनी येत असेल तर आधी दुसरी तबकडी लावून बघा. मधलं भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं, तरी आतल्या खाचांत स्वर पाऊण टक्क्याहून जास्त हलतो. त्याला कुठलंही यंत्र काही करू शकत नाही.

पट्ट्यावर चालणारं घ्यावं की थेट मोटरवर, यावर शौकीन तासन्‌तास भांडतात. रबरी पट्टा मोटरची थरथर थाळीपर्यंत पोचू देत नाही. थेट मोटरच्या यंत्रात बहुधा क्वार्ट्झ स्फटिक वेगावर नजर ठेवतो. मध्यम किमतीत दोन्ही चालतील. जपायचं ते अमेरिकेतून कुणी आणलेल्या जुन्या यंत्राला. त्यातली मोटर अनेकदा विजेच्या वारंवारतेवर चालते. तिथे ती ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टची सोय होते, वारंवारता तीच राहते. थाळी ५/६ वेगाने फिरते आणि काळी एकचा षड्ज उतरून खालच्या काळी पाचवर येतो! काही यंत्रांत मोटरची पुली बदलून हे सुधारता येतं.

माझ्या मते खरा पैसा सुईवर घालावा. थाळीचे फेरे तेवढेच असले तरी काठाजवळ खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर धावते, लेबलाजवळ जेमतेम २०. म्हणजे १०,००० हर्ट्‌झच्या एका लाटेला आत फक्त २० मायक्रॉन जागा मिळते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच सुमारे १८ मायक्रॉन; असली बारीक वळणं तिला नीट वाचता येत नाहीत. आणि ख्यालात द्रुत, ताना, तराणा येतात ते नेमके तबकडीच्या बाजूच्या शेवटी, या दाटीत. लंबवर्तुळी सुईची कड ७-८ मायक्रॉनची असते, म्हणून द्रुत तिच्यावर बरीच स्वच्छ वाजते. सुईचा भार कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) बनवणाऱ्याने सांगितलेलाच ठेवा, बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास. तबकडी जपायची म्हणून तो फार कमी केला तर सुई खाचेत उडते आणि उलट जास्त नुकसान करते.

कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात. शिवाय जागा वाचवायला तबकडीवर खर्ज दाबून आणि खरखर झाकायला उंच स्वर मोठे करून कोरलेले असतात. ते पूर्ववत करणारा फोनो प्रीअँप यंत्रात किंवा अँप्लिफायरमध्ये असावा लागतो. दोन्हीकडे असेल तर एक बंद करा, नाहीतर नुसता खर्ज घुमेल.

घरात आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर मात्र निवड पटकन आटोपते. त्यांची खाच बरीच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. रेगा कंपनीच्या प्लेनर १ या टर्नटेबलवर ७८ चा वेगच नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० वर तो आहे, आणि त्याच्या व्हीएम९५ कार्ट्रिजवर ७८ साठीची जाड सुई हाताने बदलून बसवता येते. अशा घरासाठी मी तेच घेईन.