एवढा मोठा सूर्य, तरी फोटॉन पुरत नाहीत

सूर्यावरचं चुंबकीय क्षेत्र मोजायला तिथं काही जाता येत नाही, जे कळतं ते प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या दिशेने थरथरतात त्यावरून. १९०८ साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेलने माउंट विल्सन वेधशाळेतून सूर्यडागांच्या वर्णपटात (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात) चुंबकीय क्षेत्रामुळे फुटलेल्या काळ्या रेषा आणि त्यांचं ध्रुवीकरण पाहिलं. डागात चुंबकीय क्षेत्र दोन-तीन हजार गॉस असतं (गॉस हे त्याचं एकक, पृथ्वीवर जेमतेम अर्धा), त्यामुळे सिग्नल दणदणीत. डागांबाहेर मात्र काही ठिकाणी लाखात एक भाग एवढं बारीक ध्रुवीकरण पकडायचं असतं, तिथं भल्याभल्यांची दमछाक होते.

कारण कॅमेऱ्याला ध्रुवीकरण दिसतच नाही, त्याला फक्त उजेड किती तेवढंच कळतं. मग समोर मॉड्युलेटर (ध्रुवीकरण पालटत राहणारं उपकरण) आणि पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश सोडणारी गाळणी) लावायचा, एकदा एका दिशेचं मोजायचं, एकदा दुसऱ्या, आणि वजाबाकी करायची. पण मधल्या वेळात हवा हलली की चित्र सरकतं आणि वजाबाकीत नसलेलं ध्रुवीकरण दिसायला लागतं. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात बनलेल्या झिम्पोल यंत्राने यावर जी शक्कल लढवली ती मला जाम आवडते. सेकंदाला ४२ हजार वेळा थरथरणारा मॉड्युलेटर, आणि कॅमेऱ्याच्या चिपवर एक ओळ उघडी, एक झाकलेली. मॉड्युलेटरच्या तालावर, प्रकाशामुळे चिपवर जमलेला चार्ज झाकणाखाली सरकवायचा, परत आणायचा, असं हजारो वेळा, आणि मग एकदाच वाचायचं. हवेला हलायला वेळच नाही, शिवाय दोन्ही मोजण्या एकाच पिक्सेलने केल्या त्यामुळे पिक्सेलपिक्सेलमधला फरकही कटाप.

तरी फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, लागतातच. लाखात एक अचूकता हवी तर साधारण १००० कोटी फोटॉन मोजावे लागतात, कारण गोंगाट वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो. सूर्य कितीही प्रखर असला तरी छोटासा तुकडा, त्यातला रंगाचा बारीकसा पट्टा आणि थोडकाच वेळ, एवढं कापल्यावर हातात फार काही उरत नाही.

आणि वर दुर्बीण स्वतःच घोळ घालते, आरशावर प्रकाश तिरका पडला की तो ध्रुवीकृत होतो. आत ठरावीक पोलरायझर सरकवून पुढचा सगळा मार्ग तपासता येतो, पण ४ मीटरच्या मुख्य आरशापुढे ४ मीटरचा पोलरायझर आणणार कुठून? मग सूर्यबिंबाच्या अगदी मध्यावर, रेषा नसलेल्या रंगात बघतात, तिथं सममितीमुळे ध्रुवीकरण शून्य असायला हवं, जे दिसेल ते आरशांचं म्हणून वजा करायचं. मात्र रेषीय ध्रुवीकरणाचं (लहर एकाच दिशेत थरथरते) वर्तुळाकार (दिशा गोल फिरत जाते) करून टाकणारा दोष यात सापडत नाही, त्यासाठी आरशांचं वेगळं गणित मांडावं लागतं.