ड्युरेनमाट, फ्रीडरिख

(५ जानेवारी १९२१ – १४ डिसेंबर १९९०). जर्मन भाषेत लिहिणारा स्विस नाटककार व कादंबरीकार. जन्म बर्नजवळच्या कोनोल्फिंगेन या गावी. वडील प्रॉटेस्टंट पाद्री. बर्न आणि झुरिक येथे तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेताना तो चित्रेही काढत असे. १९४६ मध्ये पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले आणि लेखनावर पोट भरायचे ठरवले. पुढच्याच वर्षी झुरिकला आलेल्या त्याच्या पहिल्या नाटकाने प्रेक्षकांत गदारोळ उडाला. हाती पैसा नव्हता, म्हणून त्याने एका स्विस नियतकालिकासाठी ‘न्यायाधीश आणि त्याचा जल्लाद’ ही रहस्यकथा क्रमशः लिहिली (१९५०-५१). पोटासाठी लिहिलेली ही कादंबरी आजही त्याच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी एक आहे. १९५२ पासून अखेरपर्यंत तो नशातेल या स्विस शहरात राहिला.

‘वृद्ध बाईंची भेट’ (१९५६) या नाटकाने त्याचे नाव जगभर झाले. ग्युलेन या डबघाईला आलेल्या गावात अब्जाधीश क्लेअर झाखानासियान परतते. तरुणपणी आल्फ्रेड इलने तिला दिवस गेल्यावर वाऱ्यावर सोडले होते आणि खोटे साक्षीदार उभे करून मूल नाकारले होते. आता ती गावाला एक अब्ज देऊ करते. अट एकच, इलचा जीव. गावकरी बाणेदारपणे नकार देतात. पण इलच्याच दुकानात येऊन ते उंची सिगारेट, चॉकलेट, कोन्याक उधारीवर नेऊ लागतात. मग इलची नजर त्यांच्या पायांकडे जाते. सगळ्यांच्या पायांत नवे पिवळे बूट आहेत. ही उधारी कशाच्या भरवशावर चालली आहे, हे त्याला तिथेच कळते. खून व्हायला अजून बराच अवकाश असतो, पण तो ठरून गेलेला असतो, आणि कोणी तसा ठराव केलेला नसतो. गुन्हा एकट्याच्या हातून न होता साऱ्या गावाच्या सोयीतून कसा घडतो, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारी नाटके फार थोडी आहेत.

आजच्या जगात अपराध असा सगळ्यांत वाटला गेला आहे. एकाच्या माथी तो पूर्ण बसत नाही, म्हणून शोकांतिका शक्य नाही, आपल्याला आता सुखात्मिकाच झेपते, असे त्याने नाट्यविषयक निबंधात मांडले. ‘भौतिकशास्त्रज्ञ’ (१९६२) मध्ये घातक शोध जगापासून लपवण्यासाठी म्यबियस हा शास्त्रज्ञ वेडाचे सोंग घेऊन मनोरुग्णालयात राहतो. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याच्या कागदांच्या नकला केव्हाच करून ठेवलेल्या असतात. कथेला शक्य तितके वाईट वळण मिळाले, की तिचा शेवटापर्यंत विचार झाला असे समजावे, हे त्याचे सूत्र याच नाटकाच्या टिपणांतले.

मराठी वाचकाला ‘बिघाड’ (१९५६) ही त्याची कथा विशेष जवळची वाटावी. गाडी बंद पडल्याने एका गावात अडकलेला विक्रेता निवृत्त न्यायाधीशाच्या घरी मुक्काम करतो. जेवणाच्या टेबलावर यजमान आणि त्याचे जुने मित्र गंमत म्हणून त्याच्यावर खटला चालवतात, आणि एकेका पदार्थासोबत त्याचा खरा अपराध उलगडत जातो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची आठवण इथे होतेच. मात्र तेंडुलकरांची बेणारे समाजाच्या ढोंगाची बळी आहे, तर ड्युरेनमाटचा विक्रेता ट्राप्स आपला अपराध जवळजवळ अभिमानाने स्वीकारतो. कथेत तो गळफास घेतो; याच विषयावरच्या नभोनाट्यात सकाळी उठून सारे विसरतो आणि गाडी घेऊन निघून जातो. दुसरा शेवट अधिक भयंकर आहे.

१९८६ मध्ये त्याला जर्मन साहित्यातील मानाचा ब्युखनर पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर १९९० मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष व नाटककार व्हात्स्लाव हावेल यांच्या सत्कारप्रसंगी त्याने स्वित्झर्लंडला तुरुंगाची उपमा दिली: इथे कैदीच स्वतःचे पहारेकरी आहेत आणि म्हणून स्वतःला स्वतंत्र समजतात. काही आठवड्यांतच नशातेल येथे त्याचे निधन झाले. राष्ट्रीय साहित्य-अभिलेखागार स्थापन करावे, या अटीवर त्याने आपली हस्तलिखिते देशाला दिली होती; ते १९९१ मध्ये बर्नला सुरू झाले. त्याची चित्रे नशातेलच्या त्याच्या घराला जोडून मारिओ बोत्ता या वास्तुविशारदाने बांधलेल्या केंद्रात २००० पासून पाहायला मिळतात.