अमेरिकन यादवी युद्ध लवकर संपलं असतं तर

अमेरिकेतलं यादवी युद्ध, म्हणजे उत्तरेचं संघराज्य आणि त्यातून फुटलेली दक्षिणेची गुलामगिरीवाली राज्यं यांच्यातली लढाई, एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५ असं चार वर्षं चाललं. ते वर्ष-दीड वर्षात आटोपलं असतं तर काय झालं असतं, हा जुना वाद आहे.

'लवकर' म्हणजे नेमकं कधी, इथंच मतभेद. काहीजण जुलै १८६१ ची बुल रनची लढाई धरतात, पण तेव्हा दोन्हीकडची फौज इतकी नवखी होती की जिंकलेल्यांना पाठलागही जमला नाही, म्हणून १८६२ चा उन्हाळा जास्त पटतो. उत्तरेचा जनरल मॅक्लेलन लाखभर सैन्य बोटींनी व्हर्जिनियात घेऊन गेला, यॉर्कटाउनला समोर दक्षिणेच्या मॅग्रूडरकडे सुरुवातीला तेरा-एक हजारच माणसं, पण तो त्याच तुकड्या फिरवून फिरवून दाखवत राहिला आणि मॅक्लेलन महिनाभर वेढा घालून बसला. पुढं मॅक्लेलन दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या वेशीपर्यंत पोचला खरा, पण ३१ मेला सेव्हन पाइन्सला दक्षिणेचा जनरल जॉन्स्टन जखमी झाला, त्याच्या जागी रॉबर्ट ली आला आणि जूनअखेर त्यानं सात दिवसांत मॅक्लेलनला मागं रेटलं. रिचमंड पडलं असतं म्हणजे युद्ध संपलंच असतं असं नाही, पण शक्यता बरीच होती.

आता गुलामगिरीचं. जुलै १८६१ मध्ये काँग्रेसनं (अमेरिकेच्या संसदेनं) ठरावच केला होता की हे युद्ध संघराज्य टिकवायला आहे, गुलामगिरी मोडायला नाही. लिंकननं मुक्तीचा मसुदा मंत्र्यांपुढं ठेवला तो २२ जुलै १८६२ ला, म्हणजे मॅक्लेलन हटल्यावर. त्यामुळे उत्तरेला लवकर विजय मिळता तर लाखो जीव वाचले असते (मृतांचा जुना आकडा ६,२०,०००, नवा अंदाज ७,५०,००० च्या आसपास), पण सुमारे ४० लाख गुलाम बहुधा गुलामच राहिले असते, आणि ही फार जड गोष्ट आहे. गुलाम आधीच पळून उत्तरेच्या छावण्यांत येत होते, व्यवस्था तशीही मोडली असती, असंही एक मत आहे. ते थोडं आशावादी वाटतं, कारण १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती लांबलेल्या युद्धातूनच आली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं ते गुलाममुक्तीसाठीच, तेव्हा ती अर्पणपत्रिकाही तशी नसती.

मुंबईत कापसाची तेजी, प्रेमचंद रायचंद यांच्या काळातला शेअरचा सट्टा, बॅक बेच्या समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या कंपन्या हे सगळं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना युद्धामुळे अमेरिकन कापूस मिळेना म्हणून फुगलं आणि १८६५ मध्ये शांतता होताच कोसळलं. युद्ध १८६२ मध्येच थांबलं असतं तर ही तेजी फार चढली नसती आणि बुडणारेही कमी असते.