खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी : पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्ताव

खाणींवर कर लावून त्यातला वाटा रहिवाशांना द्यावा, ही मागणी मराठवाड्यातही होत असते. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2024 रोजी खनिज हक्कांवर कर आकारण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला आणि स्वामित्वधन (खनिज काढण्याबद्दल खाणपट्टाधारकाने द्यायची रक्कम, म्हणजे रॉयल्टी) म्हणजे कर नव्हे, असेही स्पष्ट केले. मात्र गावकऱ्यांना आज हक्काने मागता येईल असा निधी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे आहे. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमातील 2015 च्या दुरुस्तीने आलेल्या या न्यासात खाणपट्टाधारक स्वामित्वधनाशिवाय वेगळी रक्कम भरतात. या निधीतून प्रत्येकाच्या खात्यात रोख रक्कम जमा होत नाही, बाधित क्षेत्रात कामे होतात.

केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र प्रत्यक्ष बाधित आणि 25 किलोमीटरपर्यंतचे अप्रत्यक्ष बाधित धरले जाते. म्हणून प्रस्तावात खाणीचा किंवा वाळूघाटाचा गट क्रमांक आणि गावापासूनचे अंतर नकाशासह द्यावे. किमान 70 टक्के निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा उच्च प्राधान्याच्या बाबींवर खर्च करायचा असतो. रस्ते आणि सिंचन उरलेल्या हिश्शात येतात. खनिज वाहणाऱ्या हायवा ट्रकांनी शिवरस्ता उखडला की गाव आधी रस्ताच मागते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण गोदाकाठच्या विहिरी आटल्या असतील किंवा क्रशरची धूळ कापसाच्या बोंडांवर आणि लेकरांच्या छातीत बसत असेल, तर पाणी व आरोग्याची मागणी आधी मांडणे अधिक योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म शाखेत द्यावा. त्यासोबत साधारणपणे ग्रामसभेचा ठराव, जागेचा सातबारा किंवा नमुना 8 चा उतारा, जागा उपलब्ध असल्याचा दाखला, संबंधित विभागाच्या अभियंत्याचे अंदाजपत्रक, छायाचित्रे आणि हेच काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नसल्याचे प्रमाणपत्र लागते. ठरावात ‘विकासकामे करावीत’ असे मोघम लिहू नये. कोणती वस्ती, किती कुटुंबे आणि खाणीमुळे नेमका काय त्रास, हे नोंदवावे. किनवटसारख्या अनुसूचित क्षेत्रात तर ग्रामसभेच्या मान्यतेला विशेष महत्त्व आहे.

प्रस्तावाची शिक्क्यासह पोच घ्यावी. काहीच कळवले गेले नाही, तर मंजूर कामांची यादी आणि बैठकीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते आणि त्याचे उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.