डायलिसिस आणि शुगर : मशीनवरचे आणि मीटरवरचे आकडे कसे वाचावेत
आमच्याकडून ग्लुकोमीटर, पट्ट्या, बीपीचे यंत्र किंवा वजनकाटा घेणाऱ्या पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

ग्लुकोमीटर मागायला कुणी काउंटरवर आले की आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो : डायलिसिस चालू आहे का, आणि असेल तर मशीनवरचे की पोटातून केले जाणारे? किंमत आणि कंपनी यांचे बोलणे त्यानंतर. पुष्कळांना हा प्रश्न गैरलागू वाटतो. पण शेजारच्या काकांना दोन वर्षे उत्तम चाललेला मीटर डायलिसिसच्या पेशंटला चुकीचा आकडा दाखवू शकतो आणि त्या आकड्यावर विसंबून घेतलेले इन्सुलिन जिवावर बेतू शकते. म्हणून हे पत्रक.

रक्त कमी असेल तर मीटर फसतो

किडनी निकामी झाली की रक्त वाढवणारे इरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, म्हणून डायलिसिसच्या बहुतेक पेशंटचे हिमोग्लोबिन कमी असते. ग्लुकोमीटर रक्ताच्या एका थेंबावर काम करतो. त्या थेंबात लाल पेशी कमी असतील तर बऱ्याच पट्ट्यांवर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. म्हणजे मीटरवर ९० आले, मन निश्चिंत झाले, आणि खरी साखर त्याच्याही खाली आहे, असे होऊ शकते. धोका आहे तो इथे.

यावर उपाय आहे. पट्टीच्या डबीत जो घडी घातलेला कागद असतो त्यावर ती पट्टी किती हिमॅटोक्रिटपर्यंत (म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के) बरोबर चालते हे छापलेले असते. काही पट्ट्या ३० ते ५५ टक्क्यांपर्यंतच चालतात, काही २० च्या खालीही चालतात. तुमचा हिमॅटोक्रिट रक्ताच्या रिपोर्टवर असतो. तो दिसला नाही तर हिमोग्लोबिनला तीनाने गुणा, अंदाज येतो. हिमोग्लोबिन ८ असेल तर हिमॅटोक्रिट साधारण २४. अशा पेशंटला ३० पासून सुरू होणारी पट्टी आम्ही देत नाही, स्वस्त पडत असली तरी. शेवटचा रिपोर्ट किंवा त्याचा मोबाइलवरचा फोटो सोबत आणा, योग्य पट्टी निवडायला दोन मिनिटे लागतात.

पोटातून डायलिसिस करणाऱ्यांसाठी याहून मोठी गोष्ट आहे. त्यात कधीकधी आयकोडेक्स्ट्रिन नावाचे द्रावण वापरतात. शरीरात त्याचे माल्टोज होते आणि जीडीएच-पीक्यूक्यू नावाच्या रासायनिक पद्धतीच्या जुन्या पट्ट्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. साखर उतरलेली असताना मीटर चढलेली दाखवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यांच्याकडे अशा १३ मृत्यूंची नोंद होती आणि त्यांतले १० जण हेच द्रावण वापरणारे होते. द्रावण बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तेव्हा पोटाचे डायलिसिस सोडून नुकतेच मशीनवर आला असाल तर तेही सांगा.

एचबीए१सी चांगला आला म्हणून

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. डायलिसिसवर ती त्याआधीच संपते, शिवाय रक्तवाढीच्या इंजेक्शनमुळे नव्या पेशी सतत येत राहतात. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. मध्ये रक्त चढवले असेल तर त्या आकड्याचा भरवसा आणखी कमी. तपासणी करू नका असे आम्ही म्हणत नाही. पण साडेसहा आला म्हणून घरी पेढे वाटण्याआधी तुमची मीटरची वही डॉक्टरांना दाखवा.

‘आता माझी शुगर बरी झाली’

हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. वीस वर्षे इन्सुलिन घेणाऱ्याला डायलिसिस सुरू झाल्यावर कमी युनिट पुरतात, कधी गोळ्याही बंद होतात. मधुमेह गेला असे वाटते. वास्तविक इन्सुलिनचा बराच भाग किडनी मोडून बाहेर टाकत असते. ती थांबली की घेतलेले इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांचा परिणामही लांबतो, आणि मेटफॉर्मिन तर या अवस्थेत देतच नाहीत. म्हणून जुन्या चिठ्ठीवरचा डोस परस्पर चालू ठेवू नये, आणि घरात कुणाच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत.

डायलिसिसच्या दिवशी साखर दोन्ही दिशांनी हलते. डायलायझरच्या, म्हणजे मशीनवरच्या रक्त गाळणाऱ्या जाळीच्या, एका बाजूने रक्त वाहते, दुसऱ्या बाजूने डायलिसेट, म्हणजे रक्त साफ करणारे द्रावण. बऱ्याच केंद्रांत डायलिसेटमध्ये दर १०० मिलिलिटरला साधारण १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते, काही ठिकाणी ते ग्लुकोजविरहित असते. तुमची साखर त्याहून जास्त असेल तर ती पलीकडे जाते. चार तासांत २६० ची १२० व्हायला वेळ लागत नाही. ग्लुकोजविरहित डायलिसेटवर ती आणखी खाली जाऊ शकते. मग घरी येऊन जेवल्यावर संध्याकाळी तीच साखर उसळी घेते, कारण थोडे इन्सुलिनही मशीनवर निघून गेलेले असते. तुमच्या केंद्रात कोणते डायलिसेट वापरतात हे टेक्निशियनला जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगल्या टेक्निशियनला असा प्रश्न आवडतोच.

जत, आटपाडीकडून पहाटेची एसटी पकडून मिरजेला येणारे आमचे कितीतरी पेशंट सकाळचे इन्सुलिन घरी घेतात आणि नाश्ता मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून राहून जातो. मशीनवर बसेपर्यंत साखर उतरणीला लागलेली असते. डायलिसिसच्या दिवशी इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचे हे डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्या. त्या दिवशी मशीन लागण्याआधी, दुसऱ्या तासाला, सुटताना आणि रात्री झोपताना अशी चार वेळा साखर तपासा. रोज चार वेळा तपासणे खर्चाचे आहे, हे आम्हाला कळते. पट्ट्या वाचवायच्या असतील तर मधल्या दिवशी वाचवा, डायलिसिसच्या दिवशी नको.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या कप पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शहाळे आणि संत्र्याचा रस नको. एरवी ते चांगले, पण त्यांत पोटॅशियम भरपूर असते आणि तुमची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. पाणीही कपभर नको, ते पुन्हा मशीनवर काढावे लागते. थरथर, धडधड ही लक्षणे बीपीच्या काही गोळ्यांमुळे दबतात आणि मशीनवर बसलेल्या पेशंटला गरगरले तर सगळ्यांना वाटते बीपी पडले. म्हणून गरगरले की बीपीबरोबर साखरही बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. केंद्रात असाल तर सिस्टरना हाक मारा, घरी असाल तर १०८ ला फोन करा.

बोट टोचण्याबद्दल

साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा. केळे सोललेल्या बोटावर साखर चाळीस-पन्नासने जास्त दिसू शकते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट जात नाही. बोटाच्या टोकाला नव्हे, कडेला टोचा, आणि थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका, पिळल्याने रक्तात ऊतींतले पाणी मिसळते. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर जोडलेल्या, हाताचे बोट शक्यतो टोचू नका. त्या हाताच्या पंजाला रक्त आधीच कमी मिळत असू शकते, जखम भरायला वेळ लागतो.

लॅन्सेट (बोट टोचायची सुई) प्रत्येक वेळी नवीन. टोचायचे पेन दुसऱ्या कुणाचे वापरू नका, तुमचेही कुणाला देऊ नका, नवरा-बायको दोघांना शुगर असली तरी. हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताच्या न दिसणाऱ्या कणांतून पसरतात आणि डायलिसिसच्या पेशंटला त्यांचा धोका जास्त आहे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा. आमच्याकडे आणून दिल्यात तर त्यांची विल्हेवाट आम्ही लावतो.

पट्ट्यांची डबी साधारण ३० अंशांच्या आत ठेवावी लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या घरात तापमान कुठल्या कुठे जाते. फ्रिजमध्येही नको. डबीचे झाकण प्रत्येक वेळी लगेच घट्ट लावा, कारण दमट हवा पट्टी बिघडवते. डबी कोणत्या दिवशी उघडली ते तिच्यावर पेनने लिहून ठेवा.

मशीनच्या पडद्यावर

चार तास समोर आकडे बदलत असतात. सगळे समजून घ्यायची गरज नाही, काही मात्र ओळखीचे असावेत.

रक्तप्रवाह, म्हणजे पंप दर मिनिटाला किती रक्त ओढतो ते. आपल्याकडे बहुधा २५० ते ३०० मिलिलिटरच्या आसपास असतो. आर्टिरियल प्रेशर उणे चिन्हासह दिसते, त्याने घाबरू नका, तिथे रक्त ओढले जाते म्हणून ते उणेच असते. व्हेनस प्रेशर रक्त परत जातानाचे. ते प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त येऊ लागले तर फिस्टुला पुढे अरुंद होत असेल, डॉक्टरांच्या कानावर घाला. कंडक्टिव्हिटी साधारण १४ च्या आसपास, ती डायलिसेटमधल्या क्षारांचे प्रमाण सांगते. चार तासांत सुमारे १२० लिटर डायलिसेट तुमच्या रक्ताशेजारून वाहते, त्यामुळे हा आकडा बिघडला की मशीन ते द्रावण डायलायझरकडे जाऊच देत नाही. हवेचा बुडबुडा आला तर सेन्सर पंप थांबवून नळी चिमटतो. डायलायझरची जाळी फाटून रक्त पलीकडे गेले तर तेही प्रकाशाच्या सेन्सरला कळते.

एक गोष्ट मात्र मशीनला नेहमी कळत नाही. परतीची सुई हातातून निसटली तर व्हेनस प्रेशर इतके थोडे उतरू शकते की अलार्म वाजतच नाही. पंप चालू राहतो आणि रक्त गादीत जात राहते. ३०० च्या प्रवाहाला एक लिटर रक्त जायला साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. एसीत थंडी वाजते म्हणून फिस्टुलाचा हात चादरीखाली घेऊ नका. पांघरूण अंगावर घ्या, सुया आणि चिकटपट्टी सिस्टरना दिसत राहू द्या. सोबत आलेल्यांनी मोबाइलमधून मान वर काढून मधूनमधून त्या हाताकडे बघावे, ही आमची मनापासून विनंती आहे.

वजन, पाणी आणि पुन्हा साखर

मशीनवर किती पाणी काढायचे हे ड्राय वेटवरून, म्हणजे अंगातले जादा पाणी निघाल्यावरच्या वजनावरून, ठरते. सर्वसाधारणपणे तासाला, वजनाच्या दर किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढू नये असे मानतात. ६० किलोच्या माणसाचे चार तासांत ३ लिटरच्या थोडे वर. दोन डायलिसिसच्या मध्ये चार-साडेचार किलो वाढवून आलात तर पेटके येणार, बीपी पडणार.

मधुमेह असलेल्यांची इथे एक वेगळीच कोंडी होते. शुगर वाढली की लघवी जास्त होते, ही खूण सगळ्यांना माहीत आहे. पण तुमची लघवीच थांबली आहे किंवा अगदी कमी होते. साखरेला बाहेर जायला वाट नाही, फक्त तहान लागते, पाणी प्यायले जाते आणि वजन वाढते. पथ्य पाळूनही वजन का वाढते असा प्रश्न पडला असेल तर त्या दिवसांच्या साखरेच्या नोंदी बघा. पुष्कळदा उत्तर तिथे सापडते. म्हणूनच आम्ही देत असलेल्या वहीत साखर, वजन आणि बीपी एकाच ओळीत लिहायची सोय केली आहे. वजन रोज सकाळी, एकाच काट्यावर, तशाच कपड्यांत. बीपी पाच मिनिटे शांत बसून, फिस्टुला नसलेल्या हातावर.

सतत साखर दाखवणाऱ्या, दंडाला लावायच्या सेन्सरबद्दल हल्ली रोज विचारणा होते. मशीनवर असताना साखर कशी घसरते हे त्यात छान दिसते. पण काही सेन्सरच्या कागदावरच लिहिलेले असते की डायलिसिसच्या पेशंटवर त्याची चाचणी झालेली नाही. तो कागद आम्ही विकण्याआधी तुम्हाला वाचून दाखवतो. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच घ्या, आणि सेन्सरचा आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर बोट टोचून खात्री करा.

मीटर तपासून घ्या

पुढच्या वेळी लॅबसाठी रक्त देणार असाल, तेव्हा उपाशीपोटी त्याच पाच मिनिटांत आपल्या मीटरवरही बोट टोचा आणि आकडा लिहून ठेवा. १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम एवढा फरक आंतरराष्ट्रीय मानकात चालतो. लॅबची १६० असेल तर मीटरची १३६ ते १८४ ठीक. दोन-तीन वेळा फरक याहून जास्त आला तर मीटर, चालू डबी आणि लॅबचा रिपोर्ट घेऊन या. कंट्रोल सोल्युशनने (साखर किती आहे ते माहीत असलेल्या द्रावणाने) तपासणी आम्ही मोफत करतो, मीटर आमच्याकडून घेतलेला नसला तरी. डबी मुदतीतली असून बिघडलेली निघाली तर बदलून मिळेल, बिल मात्र जपून ठेवा.