ट्रिगर फिंगर

मिटलेले बोट उघडताना मध्येच अडकणे आणि जोर लावल्यावर खटका बसून एकदम सुटणे, हे मुख्य लक्षण असलेला हाताच्या कंडरांचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचा) विकार. रुग्ण साधारणपणे ‘बोट लॉक होतं’ अशी तक्रार घेऊन येतात. अंगठ्याला झाल्यास त्याला ट्रिगर थंब म्हणतात. फ्रेंच वैद्य आल्फोन्स नोता यांनी १८५० मध्ये कंडरेवरील गाठीसह या विकाराचे वर्णन केले. अनामिका आणि अंगठा यांना तो सर्वांत जास्त होतो. एकाच वेळी दोन-तीन बोटे अडकत असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

बोट मिटवणारे मोठे स्नायू बोटात नसतात, ते कोपराखालच्या भागात असतात. त्यांच्या कंडरा मनगटातून तळहातात आणि तिथून बोटांत जातात. प्रत्येक बोटाला अशा दोन कंडरा असतात: एक मधल्या पेराला लागते, दुसरी टोकाच्या पेराला. अंगठ्याला लांब कंडरा एकच. बोट वाकताना कंडरा हाडापासून सुटून वर येऊ नये म्हणून तिच्या आवरणावर ठिकठिकाणी आडवे पट्टे असतात. त्यांना कप्प्या म्हणतात. बोटात पाच गोल (ए-१ ते ए-५) आणि तीन फुलीच्या आकाराच्या कप्प्या असतात. त्यांपैकी ए-२ आणि ए-४ या दोन बोटाच्या ताकदीसाठी अत्यावश्यक आहेत. बिघाड होतो तो मात्र पहिल्या, म्हणजे ए-१ कप्पीत. बोटाच्या मुळाच्या सांध्यासमोर तळहातात असलेली ही कप्पी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची असते.

मूठ आवळताना कंडरा ए-१ कप्पीच्या काठावरच सर्वांत जास्त वळते, आणि दाबही तिथेच पडतो. कालांतराने कप्पी जाड होते आणि तिच्या आतल्या थरात कूर्चेसारख्या पेशी तयार होतात. समोरची कंडराही फुगून तिच्यावर गाठ येते. मग गाठ पडलेली नाडी नेफ्यातून ओढताना अडावी तशी कंडरा अडते. मिटवणारे स्नायू दणकट असल्याने गाठ जोराने आत ओढली जाते, पण उघडणारे स्नायू तेवढे ताकदवान नसतात. म्हणून बोट मिटते, पण उघडत नाही.

दुखणे जाणवते ते बहुधा मधल्या सांध्यात. बाम तिथेच चोळला जातो आणि एक्स-रेही त्याच सांध्याचा काढला जातो. एक्स-रेत काही सापडत नाही, कारण मूळ तळहातात आहे. नेमकी जागा शोधण्यासाठी हस्तरेषा उपयोगी पडतात. तर्जनीची ए-१ कप्पी मस्तकरेषेच्या (तळहाताच्या मधल्या आडव्या रेषेच्या) पातळीवर, अनामिका आणि करंगळीची हृदयरेषेच्या (बोटांजवळच्या आडव्या रेषेच्या) पातळीवर, मधल्या बोटाची या दोन रेषांच्या दरम्यान, तर अंगठ्याची त्याच्या मुळाच्या घडीजवळ असते. तिथे बोट दाबून धरावे आणि रुग्णाला मूठ उघड-मीट करायला सांगावे. दाबल्यावर दुखते आणि हाताखाली वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान गाठ सरकताना लागते. निदानाला एवढे पुरते. सोनोग्राफीची गरज क्वचितच पडते.

आजार पायरीपायरीने वाढतो. आधी नुसते दुखते आणि सकाळी बोट आखडलेले असते. मग खटका बसू लागतो, पण बोट आपोआप उघडते. पुढच्या पायरीवर ते दुसऱ्या हाताने उघडावे लागते किंवा पूर्ण मिटतच नाही. शेवटी बोट वाकलेल्या स्थितीतच राहते. दुर्लक्ष केल्यास मधला सांधा कायमचा आखडतो, आणि तसे झाल्यावर कप्पी मोकळी करूनही बोट लगेच सरळ होत नाही.

चाळीस ते साठ या वयोगटात, त्यातही स्त्रियांमध्ये, प्रमाण जास्त आढळते. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा विकार होण्याची शक्यता दोन ते तीन टक्के असते, मधुमेहींमध्ये ती दहा टक्क्यांपर्यंत जाते. मधुमेह जितका जुना, तितका धोका अधिक. मधुमेहात हाताची त्वचा आणि सांधेही ताठरतात. नमस्कार करताना तळवे आणि बोटे पूर्ण जुळत नसतील, तर तो वेगळा पण सोबत आढळणारा दोष आहे. संधिवात (ऱ्हुमॅटॉइड), थायरॉइडची कमतरता, गाउट आणि मनगटात नस दबण्याचा विकार यांच्याशीही ट्रिगर फिंगरचा संबंध आहे. कात्री, विळा, पकड, पिळायचे कपडे यांसारख्या सतत घट्ट धरण्याच्या कामांनी त्रास वाढतो, मात्र केवळ कामामुळेच आजार होतो असे ठामपणे म्हणता येत नाही.

सुरुवातीच्या अवस्थेत विश्रांती आणि स्प्लिंट (बोटाला आधार देणारी पट्टी) पुरतात. स्प्लिंटने बोटाच्या मुळाचा सांधा सरळ किंवा दहा-पंधरा अंश वाकलेला ठेवतात. पुढचे दोन सांधे मोकळे हवेत. पूर्ण बोटच बांधून ठेवले तर ते आखडते. स्प्लिंट साधारण सहा आठवडे वापरावी लागते. दिवसा काम थांबवता येत नसेल तर निदान रात्री लावावी. सकाळी कोमट पाण्यात हात धरून बोटे हलवल्याने आखडलेपणा कमी होतो. वेदनाशामक गोळ्या दुखणे कमी करतात, अडकणे नाही. अडकलेले बोट झटक्याने ओढणे, मोडणे किंवा गाठ जोरजोराने चोळून ‘फोडणे’ हे प्रकार टाळावेत. त्याने सूज वाढते.

स्टेरॉइडचे इंजेक्शन हा सर्वांत उपयोगी बिगर-शस्त्रक्रिया उपचार. ट्रायअमसिनोलोन हे स्टेरॉइड १० ते २० मिलिग्रॅम थोड्या लिग्नोकेनसह (बधिर करणाऱ्या औषधासह) बारीक सुईने ए-१ कप्पीपाशी देतात. सुई टोचल्यावर रुग्णाला बोटाचे टोक किंचित हलवायला सांगतात. सुईही हलली तर ती कंडरेत घुसली आहे, म्हणून किंचित मागे घेतात. औषध सहज गेले पाहिजे, दाबून घालू नये. पहिले एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते, फरक काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत पडतो. निम्म्याहून अधिक रुग्णांना त्याने आराम मिळतो. मधुमेहींमध्ये यशाचे प्रमाण कमी, आणि साखर काही दिवस चढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या आठवड्यात ती रोज मोजावी. औषध त्वचेलगत राहिले तर तिथे फिकट डाग पडतो किंवा खळगा होतो. सावळ्या हातावर हा डाग उठून दिसतो आणि जायला महिने लागतात. दोन, फार तर तीन इंजेक्शनांनंतर शस्त्रक्रियेचा विचार करावा. मात्र इंजेक्शननंतर लगेच शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून शक्य असल्यास तीन महिने थांबतात.

शस्त्रक्रिया छोटी असते. फक्त हात बधिर करून एक ते दीड सेंटिमीटरचा छेद घेतात, दोन्ही बाजूंच्या नसा बाजूला सारतात आणि ए-१ कप्पी लांबीत उभी कापतात. त्याच क्षणी रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावतात. खटका गेला की काम झाले. कप्पी अर्धवट कापली तर अडकणे राहते. कापताना शल्यविशारदाचा हात पुढे जाऊन ए-२ कापली गेली, तर कंडरा धनुष्याच्या दोरीप्रमाणे ताणून वर येते आणि पकड कमजोर होते. छेद न घेता जाड सुईच्या टोकाने कप्पी कापण्याची पद्धतही आहे. अंगठा आणि तर्जनीत नस सुईच्या वाटेजवळून जाते, म्हणून त्या दोन बोटांसाठी अनेक शल्यविशारद उघडी शस्त्रक्रियाच पसंत करतात. बोटे त्याच दिवसापासून हलवायची असतात. हात गळ्यात बांधून स्वस्थ बसणे हे आखडण्याचे आमंत्रण ठरते. टाके दहा-चौदा दिवसांनी काढतात. जड उचलणे तीन-चार आठवडे टाळावे. जखमेची जागा दाबल्यावर दोन-तीन महिने दुखू शकते.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात ए-१ कप्पी सहसा कापत नाहीत, कारण बोटे करंगळीच्या बाजूला झुकण्याचा दोष वाढतो. तिथे कंडरेभोवतीचा सुजलेला अस्तराचा भाग काढतात. लहान मुलांचा ट्रिगर थंब वेगळा असतो. त्यात खटका क्वचितच असतो, अंगठ्याचा टोकाचा सांधा वाकलेलाच राहतो आणि मुळाशी गाठ लागते. आईवडिलांना तो पडल्याने झाला असे वाटते, प्रत्यक्षात मार लागलेला नसतो. बऱ्याच मुलांचा तो आपोआप बरा होतो, म्हणून घाई करत नाहीत. मूल तीन-चार वर्षांचे होऊनही अंगठा वाकलेलाच राहिला, तर शस्त्रक्रिया करतात.

अडकणारे प्रत्येक बोट ट्रिगर फिंगर नसते. तळव्यावर कातडी ओढली जाऊन गाठी आणि दोऱ्या दिसल्या, तर तो ड्युप्युट्रेनचा विकार असू शकतो. त्यात खटका नसतो. संपूर्ण बोट सुजलेले, किंचित वाकलेले, दाबल्यावर लांबीभर दुखणारे आणि सरळ करताना असह्य वेदना देणारे असेल, तर कंडरेच्या आवरणात पू झाल्याची शक्यता असते. अशा वेळी स्प्लिंट किंवा स्टेरॉइडच्या फंदात न पडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.