कडी आतून

थरार मालिकेतला वेडा शास्त्रज्ञ लांबूनच ओळखू येतो. पिंजारलेले केस, तळघर, खुर्चीला करकचून बांधलेला माणूस. मी अशा मालिका चवीने बघतो, पण खुर्चीचे पट्टे दिसले की वाटतं, याच्या वहीतल्या नोंदी कुचकामी. भेदरलेल्या माणसाची नाडी, रक्तदाब, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, सगळंच चढलेलं. त्यात औषधाचा परिणाम किती आणि भीतीचा किती, हे कसं निवडणार? तुलनेसाठी दुसरा माणूसही नाही.

खरा प्रयोग दिसायला फारच साधा असतो. कॅनडातल्या मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या गटाने १९५१ ते १९५४ या काळात, बाहेरून फारसं काही जाणवलंच नाही तर मेंदू काय करतो हे बघायला, विद्यार्थ्यांना नुसतं पलंगावर झोपवलं. डोळ्यांवर धुरकट चष्मा, हातात सुती मोजे, त्यावर बोटांच्याही पुढे जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या, डोक्याभोवती फोमची उशी. उठायचं ते फक्त जेवायला आणि शौचाला. रोजचे २० डॉलर, म्हणजे तेव्हा चांगलीच कमाई. तरीही बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत काढता पाय घेतला. रिकाम्या मेंदूने आपलं आपणच दाखवायला सुरुवात केली होती: एकाला खांद्यावर पोती टाकून बर्फातून निघालेली खारींची मिरवणूक दिसली! पण दाराची कडी आतून होती. नको झालं की उठून जायचं.

त्याच विद्यापीठाशी जोडलेल्या ॲलन मेमोरियल संस्थेत मात्र कडी बाहेरून होती. तिथले प्रमुख डॉ. यूएन कॅमेरॉन. केस नीट विंचरलेले, अमेरिकन मानसोपचार संघटनेचे माजी अध्यक्ष. चिंता किंवा नैराश्यावर उपचार घ्यायला आलेल्या रुग्णांना ते आठवडेच्या आठवडे औषधांनी झोपवत, विजेचे जबर झटके देत आणि टेपवर एकच वाक्य हजारो वेळा ऐकवत. जुनं मन पुसून नवं घडवायचं, ही कल्पना. १९५७पासून सीआयएचा पैसाही आडमार्गाने येत होता. आपल्यावर प्रयोग चालला आहे, हे रुग्णांना कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर प्रयोगासाठी माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हवी, आणि त्याला मध्येच थांबता यायला हवं, हे जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला नाझी डॉक्टरांवर चाललेल्या खटल्यातून आलेल्या न्यूरेम्बर्ग संहितेने १९४७मध्येच लिहून ठेवलं होतं. त्याच न्यूरेम्बर्गला १९४५मध्ये नाझी नेता रुडॉल्फ हेसची मानसिक तपासणी करायला गेलेल्या डॉक्टरांत कॅमेरॉनही होते.

मन पुसलं गेलं, नवं काही बसलं नाही. १९९२मध्ये कॅनडा सरकारने कॅमेरॉन यांच्या ७७ माजी रुग्णांना भरपाई म्हणून प्रत्येकी १,००,००० डॉलर दिले. त्यांच्यातल्या काहींना आयुष्यातली कित्येक वर्षं आठवतच नव्हती.